गोडं पाणी

माझ्या दुकानात फिल्टर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला फिल्टर न घेता घरी पाठवायचं, हे काम एका माणसाने पाच वर्षं केलं. तेही माझ्याच स्टुलावर बसून आणि माझाच चहा पिऊन. तुम्ही ते चालवून कसं घेतलंत, असं मला अजून विचारतात. मी एकच सांगते. त्या पाच वर्षांत माझ्याकडून गेलेलं एकही मशीन भांडणासकट परत आलं नाही. याचं मोल दुकानदारालाच कळतं.

दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. कुकर, मिक्सर, शेगड्या, पंखे आणि एका भिंतीवर ओळीने पाण्याची मशीनं. सगळ्यात खालची फळी आम्ही रिकामी ठेवतो. पुराच्या गावात ती नदीची असते.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे, म्हणून मीही चाचा म्हणायचे. दासगावच्या बाजूचे. उंच, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात तीन वस्तू ठरलेल्या: पेन, पाण्यातले क्षार मोजायचा काडीसारखा मीटर आणि रुमालात गुंडाळलेली स्टीलची वाटी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात काढली होती, समुद्राचं पाणी पिण्याजोगं करणाऱ्या प्लांटवर. "समुद्र आत घ्यायचा, गोडं पानी बाहेर सोडायचं," एवढंच ते कामाबद्दल सांगायचे. तिथल्या उंच इमारती, सोनं, मॉल यातलं काही त्यांच्या बोलण्यात आलं नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं तर म्हणाले, "शहर? ते मी शिफ्टच्या बसमधनं बघितलंय. चांगलं असंल."

ते पहिल्यांदा दुकानात आले ते कुकरचं रबर घ्यायला. त्या वेळी एका कंपनीचा सेल्समन काउंटरवर प्रयोग मांडून बसला होता. तुम्हीही तो पाहिला असेल. दोन ग्लास घेतात, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. दोन्हींत धातूच्या काड्या सोडून करंट देतात. नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळतो, मशीनचं पाणी काचेसारखं राहतं. समोर दोन बायका उभ्या होत्या. एकीने पदर तोंडाला लावला. "बाई गं, हे आपण पोरांना पाजतो?"

मशीन जवळजवळ विकलं गेलं होतं.

चाचा मला म्हणाले, "बाय, मीठ हाय काय?"

मला वाटलं ह्यांना चक्करबिक्कर येतेय. डब्यातल्या काकडीबरोबर आणलेली मिठाची पुडी मी दिली. त्यांनी चिमूटभर मीठ मशीनच्या स्वच्छ ग्लासात टाकलं, पेनाने ढवळलं आणि सेल्समनला म्हणाले, "आता लाव रे तुझी काडी."

तो नको नको म्हणत होता, पण बायकाच म्हणाल्या, लावा की. लावली. मशीनच्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त गाळ आला.

"बघितलाव? घाण पान्यात नाय, काडीत हाय. लोखंड सुटतंय ते. पान्यात मीठ असलं की करंट जातो, नसलं की नाय जात. मीठ म्हणजे घाण काय? मग उद्यापासून आमटी अळणी करा."

बायका हसत हसत निघून गेल्या. सेल्समनने सामान आवरलं. मी म्हटलं, "चाचा, माझी दोन मशीनं गेली."

"गेली नाय, बाय. त्यांना ती नकोच होती."

दुसऱ्या दिवशी तेच रबर घेऊन परत आले. "ह्ये आमच्या कुकरला बसत नाय." मी म्हटलं, काल बघून नेलंत ना? तर म्हणाले, "मी बघितलं. पन कुठला कुकर, किती लिटरचा, तुमी इचारलं नाय. इकायच्या आदी इचारायचं." मी रबर बदलून दिलं. आजही तो माणूस ते मुद्दाम चुकीचं घेऊन गेला होता असा मला संशय आहे.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. सकाळी दहाला यायचे, दुपारच्या अजानला उठायचे. पगार ठरला नव्हता, त्यांनी मागितला नाही. बिनदुधाचा चहा, लिंबू पिळून, तेवढा लागायचा. माझे यजमान पहिल्या आठवड्यात म्हणाले, "हा माणूस आपलं दुकान बंद करणार." दुसऱ्या महिन्यात तेच घरच्या टाकीचं पाणी बाटलीत भरून चाचांना दाखवायला घेऊन आले.

कारण बाटलीशिवाय चाचांचं बोलणं सुरूच व्हायचं नाही. गिऱ्हाईक मशीनकडे बघायला लागलं की ते स्टुलावरूनच विचारायचे, "पानी कुठलं?" नळाचं, बोअरचं, विहिरीचं की झऱ्याचं. पावसात रंग बदलतो का. टाकी कधी धुतली. शेवटच्या प्रश्नाला सहसा उत्तर यायचं नाही. मग, "जावा, बाटली भरून आणा." लोक सरबताच्या बाटल्या आणायचे, औषधाच्या आणायचे, एकाने क्वार्टरची बाटली आणली तेव्हा चाचांनी ती लांब धरून म्हटलं, "ह्यातलं आदीचं संपवलंस ना रे नीट?" प्रत्येक बाटलीवर मी चिठ्ठी चिकटवायचे. माझं काउंटर पॅथॉलॉजीसारखं दिसायला लागलं.

पण त्यातून मी शिकले. नाते गावाहून एक बाई बोअरचं पाणी घेऊन आली. दिसायला निर्मळ. चाचांनी वाटीत ओतून ठेवलं आणि तिला विचारलं, "चहा काळा पडतो काय? कपड्यांना पिवळे डाग पडतात?" ती चकित झाली. दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाला तांबूस साका बसला होता. लोह. तिला त्यांनी मशीन दिलं नाहीच. पाणी उंचावरून धार धरून टाकीत सोड, रात्रभर निवळू दे, मग वाळूच्या थरातून काढ, असं सांगितलं. दासगावच्या खाडीलगतच्या विहिरी मात्र उन्हाळ्यात मचूळ होतात. तिथलं गिऱ्हाईक आलं की चाचा स्वतः उठून क्षार काढणारं आरओ मशीन दाखवायचे. "हितं ह्ये पायजेल. हितं समुद्र आत आलाय." आणि मशीनमधून फुकट जाणाऱ्या पाण्यात भांडी घासायची, हे बजावायचे.

गावातल्या नळाचं पाणी आमच्याकडे हलकं, क्षार कमी. बदलून आलेले एक बँकेतले साहेब आणि त्यांच्या मिसेस सगळ्यात भारी आरओ घ्यायला आले होते. चाचांनी त्यांच्या बाटलीत मीटर बुडवला.

"सत्तर हाय. साहेब, ही मशीन समुद्रासाटी. तुमी समुद्र घेऊन आलाव काय बदलीच्या सामानात?"

मिसेस म्हणाल्या, "पण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे आरओच आहे."

"मग त्यांच्याकडं जाऊन प्या."

मी मध्ये पडले. शेवटी त्यांनी जंतू मारणारा दिवा असलेलं साधं मशीन नेलं, आणि चाचांनी पायऱ्या उतरेपर्यंत त्यांना टाकीवर घट्ट झाकण बसवा म्हणून ऐकवलं. "आत पाल मेली असंल तर दिवा काय करनार? पालीचा फोटो काढनार?"

स्वतः पाणी पिताना ते घोट तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे, मग गिळायचे. माझ्या यजमानांनी एकदा त्यांची परीक्षा घेतली. तीन ग्लास मांडले, नळ, विकतची बाटली आणि शेजारच्यांची विहीर. चाचांनी तिन्ही ओळखले आणि म्हणाले, "हा तिसरा ग्लास इसळला नाय नीट. साबन हाय." लग्नाच्या पंगतीत ते पाणी पिण्याआधी वाढप्याला टाकी कुठे आहे ते विचारायचे. एका लग्नात मुलाच्या बापाला गच्चीवर घेऊन गेले होते. मंगलाष्टकं पाच मिनिटं थांबली.

त्यांचा या जिभेवर फार भरवसा होता, आणि मीटरवर. दोघांकडे पाण्याच्या दोनच जाती होत्या: खारं आणि गोडं. आता आपल्याकडे गोडं पाणी म्हणजे खारं नाही ते. पण गोड म्हणजे चांगलं, हेही आपल्या तोंडात इतकं मुरलेलं आहे की दोन शब्द वेगळे आहेत हे कुणी ध्यानात ठेवत नाही. मीही ठेवलं नव्हतं.

शेवटच्या दोन वर्षांत ते बदलले होते. बाटली आली की वाटीत ओतायचे, मीटर लावायचे, आकडा सांगायचे, आणि लोकांनी "म्हणजे चांगलं आहे ना?" असं विचारलं की म्हणायचे, "मना ठाऊक नाय." लोकांना ते आवडायचं नाही. आता गुडघे गेल्यामुळे ते लेकीकडे चिपळूणला असतात. फोन येतो, तब्येत विचारली की पाण्याचं सांगतात. पण "ठाऊक नाय" हे ते जिथे शिकले, ती वाडी मला सांगायलाच हवी, कारण चूक अर्धी माझी आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. पंचवीसेक घरं, गुरं, नाचणी, वरी, थोडा भात. पाणी झऱ्याचं. झऱ्याखाली सिमेंटची टाकी बांधलेली आणि टाकीला दोन नळ. तिथली सुनंदा आणि तिचा चुलत सासरा असे दोघं उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानात आले. या चुलत सासऱ्याला वाडीत सगळे दादा म्हणतात. मुंबईच्या वाडीकरांनी वर्गणी काढून मोठं आरओ बसवायचं ठरवलं होतं. कुणा विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की झऱ्याचं पाणी म्हणजे विष. दादांना ते लागलं होतं.

"आमच्या बापजाद्यांनी इष प्यालं काय?" ते काउंटरवर हात आपटून म्हणाले. "सांगा चाचा तुमीच."

चाचांनी बाटली बघितली, पण वर जायचं म्हणाले. मीही गेले. मोठं मशीन विकायचं असेल तर जागा बघायला हवी, माझा हिशोब तो. गाडी खाली ठेवून अर्धा तास चढलो.

टाकीशी पोचल्यावर चाचांनी मीटर बुडवला. तीस. त्यांनी परत बुडवला. तीसच. मग वाटी भरली, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "बाय," ते मला म्हणाले, "तिकडं आमी एवढा समुद्र गाळून गाळून असलं पानी करायचो. आनि ह्ये हितं दगडातनं सवताच येतंय." मला त्यांचा चेहरा बघून बरं वाटलं नाही. अंदाज करणारा माणूस आणि प्रेमात पडलेला माणूस यांत फरक असतो. पण मीही ओंजळ धरली. मलाही चढून तहान लागली होती आणि पाणी खरंच छान होतं.

"पानी गोडं हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "मशीन लावलाव तर मी हितं येऊन काढून टाकीन."

बायका हसल्या. दादांना तर मुंबई जिंकल्यासारखं झालं. "पन ते मुंबईवाले ऐकनार नायत. लिवून द्या."

चाचांची शाळा उर्दूची. देवनागरी यायची, पण हळू. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी सांगितलं आणि मी माझ्या लेटरहेडवर लिहिलं. ते म्हणाले, गोडं हाय. मी शुद्ध मराठीत लिहिलं: "सदर झऱ्याचे पाणी तपासले. पाणी गोड आहे. मशीनची गरज नाही." खाली त्यांची सही आणि माझ्या दुकानाचा शिक्का. टिंब गेलं. टिंब असतं तरी वाडीने वाचायचं तेच वाचलं असतं, असं माझे यजमान म्हणतात. असेल.

श्रावणाच्या आधी सुनंदा एकटी दुकानात आली. बसली नाही. वाडीत सात-आठ घरांत जुलाब-उलट्या चालू होत्या. तिच्या सासूला पोलादपूरला दवाखान्यात सलाईन लावलं होतं, चार दिवस झाले होते. "आज सोडतील बोललेत," ती म्हणाली. "पन घरी नेऊन पाजू काय?"

चाचा म्हणाले, "पावडर टाकत नाय?"

पावडर म्हणजे टीसीएल, क्लोरीनची. ग्रामपंचायतीतून मिळते आणि वाडीत ती टाकीत टाकायचं काम सुनंदाचंच.

"टाकायची ना. तुमची चिठी आल्यावर दादांनी बंद केली. बायकापन बोलल्या, वास येतो, गोड पानी नासतं कशाला. दोन वर्सं उकळून पीत होतो ते पन सोडलं. दादांनी चिठी पलास्टिकमदी घालून टाकीवर लावली हाय."

चाचा उभे राहिले. "मी पावडर बंद करा असं लिवलं काय?"

"नाय लिवलं."

"मी मशीन नको बोललो. गोडं हाय बोललो. गोडं! खारं नाय, एवढाच त्याचा अर्थ."

मी म्हटलं, "चाचा, तो अर्थ तुमच्या प्लांटवर. डोंगरावर गोड म्हणजे डोळे मिटून प्यावं असं. आणि तुम्ही डोळे मिटूनच प्यायलात, त्यांच्यासमोर."

ते माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. "प्लांटवर आमचं खातं मीठ काडायचं! क्लोरीनचं खातं पुडचं! ते पुडं लोक करतातच, ते काय सांगायचं असतं?"

"इथे पुढचं खातं सुनंदा आहे. तिला आपण चिठ्ठी देऊन घरी बसवलं."

सुनंदा मध्येच म्हणाली, "भांडा नंतर. मला शेवटची गाडी हाय."

मी शटर अर्धं ओढलं आणि व्हॅन काढली. आधी पोलादपूरला जाऊन सासूला घेतलं. काठीसारखी झाली होती. चढावर तिला डोलीत घालून पोरांनी वर नेलं. चाचा मागून चालत होते.

टाकीच्या वरच्या बाजूला, झऱ्याच्या अंगावर, गुरं चरत होती. उन्हाळ्यात आम्ही आलो तेव्हा ती खाली होती. पावसाळ्यात गवत वर असतं. शेण, माती, सगळं धुऊन झऱ्यात उतरत होतं आणि टाकीतलं पाणी तरीही नितळ दिसत होतं. चाचांनी मीटर बुडवला. बत्तीस. त्यांनी मीटर पुसून खिशात ठेवला आणि सुनंदाला विचारलं, "पंचायतीनं तुला बाटल्या दिल्यात काय? जंतूवाल्या?"

तिच्याकडे होत्या, पूर्ण खोका. तिने प्रशिक्षण घेतलं होतं. बाटलीत पाणी भरून उबेत ठेवायचं, शेणामुताचे जंतू असले की एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. "तुमची चिठी आली, मग कशाला भरू?" ती म्हणाली. ती खोचून बोलली नव्हती. तिने जे झालं ते सांगितलं. चाचांना ते खोचून बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिने एक बाटली टाकीच्या पाण्याने भरली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली. सासूपुरतं पाणी उकळायचं ठरलं. वाडीला सांगायला गेलो तर दादा ऐकेनात.

"उन्हाळ्यात तुमीच बोललाव गोड. आता पावडर टाका. उद्या काय बोलशीला? मशीन घ्या?" मग माझ्याकडे बघून, "का मशीनवाल्यानं गाठलं?"

मी म्हटलं, "दादा, मशीन विकायचं असतं तर तेव्हाच विकलं असतं."

"मग तेव्हा खरं बोललाव का आता?"

चाचा चिठ्ठीच काढायला निघाले. ते टाकीपाशी गेले, चिठ्ठीला हात घातला, तर दोन पोरांनी अडवलं. दादांनी सांगितल्याशिवाय नाय. महाडच्या दुकानाचा शिक्का हाय त्याच्यावर. आम्ही रिकाम्या हातांनी उतरलो.

दोन दिवसांनी परत चढलो. मधल्या काळात आणखी दोन माणसं आडवी झाली होती. सुनंदाने बाटली आणून टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. काळीभोर. पन्नास माणसं जमली असतील. सगळ्यांनी हातोहात बघितली.

दादांनीही बघितली. "चुलीजवळ ठेवलीस गो," ते म्हणाले. "धुरानं काळी झाली असंल."

"दादा, झाकन हाय तिला."

"धूर काय झाकनाला इचारून जातो?"

लोक हसले. दोघं-चौघं तर हंडे भरायला पुढे सरकले. चाचांनी बाटली परत उचलून धरली. त्यांना सगळं माहीत होतं, मीठ, लोह, करंट, पण त्या कट्ट्यावर त्यांच्या शब्दाच्या आड त्यांचाच शब्द उभा होता, आणि लोक तो जुना शब्द पीत होते.

तेवढ्यात सुनंदाची सासू भिंत धरत धरत आली. कुणी बसवायच्या आत कट्ट्यावर बसली. आधी तिने लोकांना हंडे खाली ठेवायला लावले. मग चाचांकडे बघितलं.

"तुमी चुकलाव काय?"

"हां, बाय."

"मग तसं बोला ना. दोन दिस झाले पावडर टाका, उकळून प्या, बाटली बघा. चुकलो ह्ये कुटं बोललाव?"

चाचा म्हणाले, "चुकलो."

"भावजींना ऐकू कमी येतं," ती दादांकडे बघून म्हणाली.

"चुकलो!" ते ओरडले. आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला. "पानी खारं नाय एवढंच मना कळत होतं. बाकीचं कळत नव्हतं, तरी बोललो. माज्यामुळं तुमी आजारी पडलाव."

"आनि ही?" तिने बोट माझ्याकडे केलं.

"मीही चुकले," मी म्हटलं. "शिक्का माझा होता." मी पुढे जाऊन चिठ्ठी ओढून काढली. या वेळी पोरं आडवी आली नाहीत.

सासू दादांकडे वळली. "आता ते दोगं चुकले बोलले. तुमी काय बोलताव?"

दादा खाकरले. "मी कुटं काय बोललो? मी फक्त चिठी लावली."

"मग आता फक्त पावडर टाकू द्या. टाक गो सुनंदा. मोजून टाक. ह्यांच्यावर सोडू नको."

सुनंदाने बादलीत पावडर कालवली, निवळ वरचं पाणी टाकीत सोडलं, काठीने ढवळलं. अर्धा तास थांबायचं होतं. वाडी थांबली. हंड्यांची रांग लागली, कुणी गुरं झऱ्यावरून हाकलून खाली आणली, कुंपणाला काट्या कुठून तोडायच्या यावर दादांचं दोघांशी भांडण सुरू झालं. चाचा सासूच्या शेजारी बसून होते. ती त्यांना विचारत होती की आखातात म्हशी असतात काय.

अर्धा तास झाला. सुनंदाने नळी भरून तिच्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन पोचलं. तिने पहिला तांब्या भरला आणि चाचांपुढे धरला. सगळे बघत होते. चाचांनी तोंडात न फिरवता सगळं एका दमात घशाखाली घातलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. ते लपवता आलं नाही.

"कडू हाय?" दादांनी विचारलं.

"हाय," चाचा म्हणाले. "कडू हाय. प्या."

दादांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि आपला तांब्या नळाखाली धरला.